मराठवाडा पाहायचा असेल तर पाण्याच्या वाटेने जावे

मराठवाड्याचे नाव निघाले की उर्वरित महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे टँकरभोवती लागलेल्या घागरींची रांग, भेगाळलेली जमीन आणि कर्जाखाली दबलेला शेतकरी एवढेच उभे राहते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले आणि त्या गाडीने या प्रतिमेवर जणू शिक्कामोर्तब केले. ती गाडी खरी होती, तो दुष्काळही खरा होता. परंतु आठ जिल्ह्यांच्या एका विस्तीर्ण मुलखाची ओळख वर्षातील दोन-तीन महिन्यांच्या छायाचित्रांवरून ठरावी, हे न्यायाचे नाही. याच मुलखात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. पर्यटकांची तऱ्हाही अशीच ठरलेली आहे. अजिंठा आणि वेरूळ पाहायचे, जमले तर दौलताबादचा किल्ला चढायचा आणि परत फिरायचे. पलीकडे पाहण्यासारखे काही असेल, अशी शंकाही बहुतेकांना येत नाही.

या मार्गदर्शनाचा रोख त्या पलीकडच्या भागावर आहे आणि त्यासाठी सुचवलेली रीत एकच आहे: सहल पाण्याभोवती आखावी. जेथे पाऊस बेभरवशाचा असतो तेथील माणसे पाणी अडवण्याची, साठवण्याची आणि वाहून नेण्याची विद्या शिकतात. मराठवाड्यात ही विद्या किल्ल्याच्या तटात, देवळाच्या कुंडात, गावच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, आणि जमिनीखालून नेलेल्या नहरींत जागोजागी दिसते. कोरडा म्हणून हिणवलेला प्रदेश त्याच्या पाण्याच्या खुणांवरून पाहू लागले की त्याचा इतिहास आपोआप उलगडत जातो आणि वाटेतली देवळे, संतांची गावे व जेवणाची पाने त्याच धाग्यात ओवली जातात.

सर्वप्रथम हंगाम ठरवावा, कारण मराठवाड्याबद्दलचे अर्धे गैरसमज चुकीच्या महिन्यात जाण्याने पक्के होतात. मार्चच्या अखेरीपासून मृगाच्या पावसापर्यंत जाऊ नये. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बालाघाटाचे डोंगर हिरवे असतात, नद्यांना पाणी असते आणि बारवा भरलेल्या असतात. ऑक्टोबरच्या सुमारास बीड जिल्ह्यातील रस्त्यांच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागतात; बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि ते का मिळाले हे पहिल्याच फळात कळते. डिसेंबर आणि जानेवारी हे महिने हुरड्याचे, थंडीचे आणि पाहुण्या पक्ष्यांचे. धबधबे व भरलेले पाणी पाहायचे असेल तर पहिला काळ निवडावा, माणसे व शेते पाहायची असतील तर दुसरा. दोन्ही एकाच फेरीत साधण्याचा हट्ट धरू नये.

पहिल्यांदा जाणाऱ्याने दक्षिणेकडून, म्हणजे सोलापूरच्या बाजूने शिरावे, असा माझा आग्रह आहे. मुंबई-पुण्याहून सोलापूरपर्यंत रेल्वे भरपूर आहेत आणि सोलापूर-हैदराबाद महामार्गावर पन्नासेक किलोमीटर गेले की नळदुर्ग लागतो. मराठवाड्याविषयीचा गैरसमज एका जागी घालवायचा असेल तर ती जागा हीच आहे. बोरी नदीचा प्रवाह किल्ल्यातून नेऊन त्यावर दगडी बंधारा बांधलेला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, हे काम झाले. बंधाऱ्याच्या माथ्यावरून पायऱ्यांनी आत उतरले की आपण भिंतीच्या गाभ्यात येतो. तेथे कोरीव कमानींचा लहानसा सज्जा आहे, आणि नदी भरून वाहत असेल तेव्हा पाण्याचा पडदा त्या सज्जाच्या समोरून खाली कोसळतो. एका बाजूला अडवलेल्या पाण्याचा दाब, दुसऱ्या बाजूला पडणारे पाणी आणि मधल्या खोलीत आपण जवळजवळ कोरडे उभे, अशी ही रचना आहे. हातात आजच्यासारखी यंत्रे नसताना हा हिशेब कोणी आणि कसा मांडला असेल, हा विचार तेथून निघाल्यावरही बराच वेळ डोक्यात राहतो.

बंधाऱ्यावरून पाणी ज्या दोन सांडव्यांतून पडते त्यांना ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. हे धबधबे नेहमी वाहत नाहीत. वरच्या बाजूचा कुरनूर प्रकल्प भरून वाहू लागला की ते सुरू होतात आणि हे साधारणपणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात घडते. म्हणून निघण्याआधी गावातील एखाद्या लॉजवर किंवा हॉटेलात फोन करून धबधबा चालू आहे का, हे विचारून घ्यावे. समाजमाध्यमांवर फिरणारी चित्रफीत याच वर्षाची असेल, याची खात्री नसते. सुट्टीच्या दिवशी मात्र येथे अलोट गर्दी होते, तेव्हा मधल्या वारी सकाळी दार उघडताच आत जावे. पाणी पाहून लगेच बाहेर पडू नये. किल्ल्याच्या मध्यावरील उंच उपळ्या बुरुजावर चढले की बोरीने घेतलेले वळण, तटाची रांग आणि पलीकडची काळी शेते एका नजरेत येतात आणि बंधारा याच जागी का घातला, हे वरूनच नीट समजते. नळदुर्गच्या खंडोबाचीही एक गंमत आहे: देवाचा मुक्काम वर्षातील काही काळ नळदुर्गला आणि उरलेला काळ शेजारच्या अणदूरला असतो, आणि दोन्ही गावांनी हा करार पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला आहे.

नळदुर्गहून तुळजापूर तासाभरावर आहे. भवानीच्या दर्शनाविषयी मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळल्यास रांग कमी असते, एवढे ध्यानात ठेवावे. मंदिरात उतरताना लागणाऱ्या कल्लोळ तीर्थाकडे मात्र घाईत दुर्लक्ष करू नये. मुक्कामाला भक्तनिवास आणि लॉज दोन्ही मिळतात, म्हणून पहिली रात्र येथे काढून दुसऱ्या दिवशी धाराशिवमार्गे तेरला जावे.

तेर हे आज तेरणा नदीकाठचे एक साधे गाव दिसते, आणि नेमके त्यासाठीच तेथे अर्धा दिवस द्यावा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या वृत्तांतात या गावाचा ‘तगर’ म्हणून उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून येथील माल गाड्यांवरून भडोचच्या बंदरात जातो, असे तो सांगतो. ज्या भागाला आपण मागास म्हणतो, तेथील कापड दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे जात होते. याचा पुरावा गावातच, लामतुरे वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतो. रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच गृहस्थांनी शेतांत आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांत सापडलेल्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या आणि त्यांतून हा संग्रह उभा राहिला. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेल्या मूर्तीची सख्खी बहीण वाटावी अशी आहे. मातीची खेळणी, मणी, दिवे, केशरचनेचे नाना प्रकार दाखवणारी मुखे यांच्यापुढे सावकाश उभे राहावे. शासकीय संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, त्यामुळे वाराची चौकशी करून मगच बेत करावा.

संग्रहालयानंतर त्रिविक्रमाचे देऊळ पाहावे. मागची बाजू अर्धवर्तुळाकार आणि छत गजपृष्ठाचे, अशी ही विटांची इमारत मुळात बौद्ध चैत्यगृह असावी, असे अभ्यासक मानतात. मग नदीकाठी संत गोरोबाकाकांच्या समाधीशी जावे. गोरोबांच्या निमित्ताने एक गोष्ट सांगायला हवी. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे आपेगाव, एकनाथांचे पैठण, नामदेवांची नरसी, जनाबाईचे गंगाखेड, रामदासांचे जांब आणि मुकुंदराजांचे अंबाजोगाई ही सारी गावे मराठवाड्यातली आहेत. मराठीच्या पोथ्या आणि अभंग ज्या मातीत रुजले त्या मातीला ‘तिकडे काय आहे?’ असे मराठी माणसानेच विचारावे, याचे नवल वाटते.

तेरहून लातूरकडे जाताना औशाचा भुईकोट आणि त्याच्या पुढची खरोसा लेणी एका दिवसात होतात. लातूरला मुक्काम सोयीचा असला तरी पाहण्याच्या दृष्टीने शहरात फार वेळ घालवण्याचे कारण नाही. तेथून अंबाजोगाई गाठावी. योगेश्वरीचे देऊळ, हत्तीखाना म्हणून ओळखली जाणारी शिवलेणी आणि गावाबाहेर बालाघाटाच्या कड्याशी असलेली मुकुंदराजांची समाधी, असा क्रम ठेवावा. दासोपंतांची पासोडी, म्हणजे सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेला वेदान्तावरील ग्रंथ, याच गावचा ठेवा आहे. तिच्या दर्शनासाठी संस्थानात नम्रपणे विचारणा करावी आणि नकार मिळाला तर हुज्जत घालू नये.

बीडला पोहोचल्यावर पुन्हा पाण्याकडे वळावे. शहरातील कंकालेश्वराचे देऊळ कुंडाच्या मधोमध उभे आहे. शहराबाहेर थोड्या अंतरावर असलेली खजाना विहीर हे निजामशाही काळातील, सोळाव्या शतकातले काम आहे. विहिरीच्या पोटात बोगद्यांतून पाणी येते आणि दुसऱ्या बोगद्यातून शेतांकडे जाते. मोट नाही, रहाट नाही, केवळ जमिनीच्या उताराचा हिशेब. पावसाळ्यात पाटोदा तालुक्यातील सौताड्याचा धबधबाही पाहता येतो, मात्र दरीत उतरण्याचे धाडस शेवाळलेल्या पायऱ्यांवर करू नये.

उत्तरेकडून शिरणाऱ्याने हीच दृष्टी छत्रपती संभाजीनगरात ठेवावी. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवली तेव्हा डोंगरातून भूमिगत नहरींनी पाणी आणले. पाणचक्कीत फिरणारी जातीही अशाच मातीच्या नळांतून येणाऱ्या पाण्यावर चालत. तेथे गेल्यावर केवळ हौदाजवळ छायाचित्र काढून न परतता पाणी खांबात वर कसे चढवले आहे, ते मागच्या बाजूला जाऊन पाहावे. तेथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे. जायकवाडीची जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, तिचे सत्तावीस दरवाजे आणि हिवाळ्यात या धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या, उथळ काठावर उतरणारे रोहित व पट्टकादंब हे पाहुणे पक्षी पाहण्यास सकाळची वेळ उत्तम. गावात एकनाथांच्या वाड्यातील रांजण पाहावा. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने नाथांघरी कावडीने पाणी भरले, अशी श्रद्धा आहे आणि आजही तुकाराम बीजेपासून भाविक तो रांजण गोदावरीच्या पाण्याने भरू लागतात.

परभणी आणि नांदेड जिल्ह्यांत स्वतंत्रपणे जावे लागेल, कारण अंतरे मोठी आहेत. जिंतूर तालुक्यातील चारठाणा आणि सेलू तालुक्यातील वालूर ही गावे बारवांसाठी पाहावी. वालूरच्या एका बारवेत पायऱ्या गोल फिरत तळाशी जातात. कंधारच्या किल्ल्याचा रुंद खंदक आणि राष्ट्रकूटांच्या आठवणी सांगणारा जगत्तुंग तलावही याच फेरीत येतो. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासांत राहण्याची सोय होऊ शकते, आणि लंगरमध्ये जेवायला बसण्यासाठी ओळखपाळख लागत नाही. डोके झाकलेले असावे आणि ताटात घेतलेले टाकू नये, एवढेच पथ्य.

बारव पाहण्याची एक पद्धत आहे. आधी काठावरून एक फेरी मारून उतरण्याची तोंडे मोजावीत. एक असेल तर नंदा, दोन असतील तर भद्रा, तीन असतील तर जया आणि चारही बाजूंनी उतरता येत असेल तर विजया, असे जुन्या शिल्पशास्त्रातील प्रकार आहेत. मग कोनाड्यांतील मूर्ती, टप्प्यांची संख्या आणि पाण्याच्या पातळीने दगडावर ओढलेल्या रेषा पाहाव्यात. या रेषांवरून बारव वर्षभरात किती भरते-उतरते ते समजते. अनेक बारवांत आजही पूजा होते, म्हणून पादत्राणे वर काढावीत. कपारींत मधमाश्यांची पोळी आणि गवतात साप असण्याची शक्यता धरून चालावे, आणि शेजारच्या घरी विचारल्याखेरीज खाली उतरू नये. विचारण्याचा दुसरा फायदा असा, की बारवेची खरी हकिकत फलकावर नसते, ती शेजारच्या ओट्यावर बसलेल्या मामांकडे असते.

प्रवासासाठी स्वतःचे वाहन सोयीचे असले तरी एसटीने हा मुलूख अधिक चांगला समजतो. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पास योजना चार आणि सात दिवसांची असते. महिलांना साध्या तिकिटात निम्मी सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे. फलाटावरच्या वेळापत्रकावर विसंबून न राहता नियंत्रकांच्या खिडकीवर विचारावे, विशेषतः परतीची शेवटची गाडी कोणती आणि मुक्कामी गाडी पहाटे किती वाजता सुटते, हे दोन प्रश्न तालुक्याच्या गावी उतरताच विचारून घ्यावेत. जेथे एसटी नाही तेथे काळीपिवळी असते, पण ती भरल्याशिवाय निघत नाही, याचा हिशेब दिवसाच्या आखणीत धरावा. बसमध्ये कोणी ‘कुठून आलाव? कुणाकडं चाललाव?’ असे विचारले तर त्यात आगाऊपणा मानू नये. उत्तर दिले की पुढची वाट, जेवणाची खानावळ आणि क्वचित एखादे घरचे आमंत्रणही मिळून जाते.

खाण्याच्या बाबतीत महामार्गावरची पंजाबी जेवणाची हॉटेले सरळ टाळावीत. तालुक्याच्या गावातील खानावळीत ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा मागावा. सकाळी धपाटे किंवा चुरमुऱ्यांचा सुशीला मिळतो. संभाजीनगरला मांसाहारी मंडळींनी नान-कलिया खावा. हिवाळ्यात कोठे शेतावर हुरड्याची आगटी पेटलेली दिसली तर थांबण्यास संकोच करू नये. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजून ती गरम असतानाच तळहातांवर रगडतात, फुंकर मारून कोंडा उडवतात आणि हिरवट, दुधाळ दाणे पुढ्यात टाकतात. आजकाल पैसे घेऊन हुरडा खाऊ घालणारी शेतेही बरीच झाली आहेत आणि त्यात वावगे काही नाही, परंतु झोपाळे आणि ध्वनिवर्धक असलेल्या जागी हुरडा कमी आणि गोंगाट जास्त मिळतो, असे माझे मत आहे.

एकच दिवस निवडायचा असेल तर मार्गशीर्षातील वेळ अमावस्येचा निवडावा. लातूर आणि धाराशिव भागात तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी शहरे ओस पडतात, दुकाने बंद असतात आणि सारे लोक शेतात असतात. रब्बीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून तिच्यात पाच पांडवांची आणि लक्ष्मीची पूजा होते. मग पंगत बसते. हरभरा, वाटाणा, तुरीचे ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, सोबत उंडे, गव्हाची खीर आणि ताकातली गारेगार आंबील असा थाट असतो. आदल्या रात्री लातूर, औसा किंवा निलंग्याला मुक्काम करावा, कारण त्या दिवशी एसटीला गर्दी असते आणि खानावळी बंद असतात. शेताच्या बांधाशी कोणी थांबले तर त्याला जेवल्याविना सोडत नाहीत. जेवण झाल्यावर पैसे देऊ करणे हा अपमान ठरतो. मुलांसाठी मिठाईचा पुडा न्यावा आणि पानावर वाढलेले संपवावे.

या प्रदेशाचे कौतुक करताना त्याचे दुःख नाकारण्याचेही कारण नाही. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि अनेक वाड्या-वस्त्यांवर म्हातारी माणसेच मागे राहतात. अशा ठिकाणी न विचारता कॅमेरा काढू नये, आणि पहिल्याच भेटीत ‘यंदा पाऊस कसा?’ याखेरीज आत्महत्यांची किंवा कर्जाची चौकशी करू नये. किल्लारी परिसरात जाणाऱ्यांनीही हे भान ठेवावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप अंगावर काढलेली पिढी अजून तेथे आहे. उलट मुक्काम तालुक्याच्या गावी करणे, जेवण खानावळीत घेणे आणि माहिती देणाऱ्या स्थानिक अभ्यासकाला योग्य मानधन देणे, या साध्या गोष्टींनी गावाच्या हाती दोन पैसे पडतात.

खरेदीही त्याच हिशेबाने करावी. जालन्याची मोसंबी, हंगामात केशर आंबा आणि पैठणच्या मागावरची पैठणी हे सर्वांना ठाऊक असते. पैठणी घेताना माग चालू असलेल्या घरी जाऊन पदराची उलटी बाजू पाहावी. हातमागाच्या पदरावरील नक्षी मागूनही जवळजवळ तितकीच स्वच्छ असते. भूम तालुक्यातील कुंथलगिरीचा खवा आणि पेढे मात्र अगदी शेवटी, परतीच्या दिवशी घ्यावेत. खवा उन्हात टिकत नाही, म्हणून स्टीलचा डबा घरूनच सोबत न्यावा आणि गाडीला किती तास लागणार आहेत हे दुकानदाराला आधी सांगावे. तो त्या मानाने कमी-जास्त परतलेला खवा काढून देतो.